नाका, ओटा आणि गाळा

‘व्यापारास साहाय्य’ या नावाचे दप्तर आमच्या कचेरीत कधीच नव्हते. घरपट्टीचे होते, पाणीपट्टीचे होते, जन्ममृत्यूच्या नोंदींचे होते, फार काय मोकाट जनावरांच्या कोंडवाड्याचेही होते. परंतु ज्या पेठेमुळे मुळात त्या वस्तीचे शहर झाले, त्या पेठेचे बरे चालले आहे की वाईट, हे ज्यात पाहावे असे एकही बाड शिपायाला आणावयास सांगता आले नसते. कायदा बाजाराला अगदीच विसरलेला नाही. महाराष्ट्र नगरपरिषदांच्या १९६५च्या अधिनियमात नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यांत बाजार बांधणे व तो सुस्थितीत राखणे हेही एक कर्तव्य आहे; मात्र ज्या वाक्यात ते येते त्याच वाक्यात कत्तलखाने, शौचकूप, मुताऱ्या, गटारे आणि विहिरीही येतात, आणि ही सगळी मालिका १९०१च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी उतरलेली आहे. ज्या साहेबाने तो मसुदा केला असेल त्याच्या लेखी बाजार ही आरोग्यरक्षणाची बाब होती. तेथे घाण साचते, सबब तो पक्का बांधावा आणि रोज धुऊन काढावा, एवढेच त्याला अभिप्रेत असावे. पुढे राज्य बदलले, घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९३पासून नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला, बाराव्या अनुसूचीत आर्थिक विकासाचे नियोजन हाही त्यांचा विषय म्हणून लिहिला गेला. परंतु आमच्या कपाटांतील दप्तरांवरच्या चिठ्ठ्या काही बदलल्या नाहीत.

माझे गाव कृष्णाकाठचे, ब वर्ग नगरपरिषदेचे, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत. मुख्याधिकारी बदलून येत आणि बदलून जात. आम्ही स्थानिक आस्थापनेवरचे लोक मात्र एकदा चिकटलो की सेवानिवृत्तीपर्यंत त्याच भिंतींच्या आत. मी प्रथम जकात नाक्यावर कारकून होतो, नंतर बाजार विभागात आलो आणि शेवटी मालमत्ता विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे नगरपालिका आणि पेठ यांचा संबंध तीन निरनिराळ्या खिडक्यांतून पाहण्याचा योग मला आला, आणि त्या तिन्ही खिडक्यांतून जे दिसले ते एकमेकांशी फारसे जुळत नव्हते, म्हणूनच ते लिहून ठेवावेसे वाटते.

जकातीविषयी आज कोणी चांगला शब्द काढणार नाही आणि तो काढावा अशी माझीही इच्छा नाही. रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, त्याच्यामागे रात्रभर घरघरत उभ्या राहिलेल्या मालमोटारी, बीजकातील किमतीवरून होणारी हुज्जत, काही मालाला वजनावर आणि काहीला मूल्यावर अशी दुहेरी आकारणी, गावात न थांबता पुढे जाणाऱ्या मालासाठी वेगळा पास, आणि या सर्वांच्या सांदीकोपऱ्यात वाढलेला चिरीमिरीचा मामूल. हे सारे मी जवळून पाहिले आहे. व्यापाऱ्यांनी तिचा द्वेष केला तो अकारण केला नाही. तथापि नाक्यावरच्या त्या जाड कागदाच्या रजिस्टरात एक असे ज्ञान साठत असे की जे पुढे नगरपालिकेच्या हातून कायमचे गेले. गावात काय आले, किती आले, कोणाकडे आले, हे त्यात रोजच्या रोज चढत असे. उसाचे बिल निघाले की दहा-बारा दिवसांत भांड्यांच्या पेट्या आणि कापडाचे गठ्ठे वाढत. लगीनसराई जवळ आली की बस्त्याच्या मालाच्या गाड्या रात्रीच्या वेळी येत. पाऊस लांबला की दिवाळीचा किराणा निम्म्यावर येई. आमचे एक वृद्ध नाकेदार होते, त्यांना अर्थशास्त्राचे पुस्तक कोणते म्हणून विचारले असते तर उत्तर देता आले नसते, परंतु महिन्याची बेरीज मारताना ते चष्मा कपाळावर चढवून सहज म्हणत, “या खेपेला कापड हललेलं नाही. पेठेत काहीतरी बिनसलंय.”

आणि नाकेदाराचे हे उद्गार नाक्यावरच विरून जात नसत, हे अधिक महत्त्वाचे. जकात हे नगरपालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न. तिची बेरीज घसरली की स्थायी समितीत तत्काळ कैफियत मागितली जाई, कारण कर्मचाऱ्यांचे पगार तिच्यावर अवलंबून असत. एका वर्षी ऐन मार्गशीर्षात कापड आणि स्टेशनरी या दोन्ही सदरांखाली मोठी तूट दिसली. चौकशी करता असे निष्पन्न झाले की पेठेच्या मुख्य रस्त्यात जलवाहिनीसाठी चर खणला होता, काम संपले होते, पण ठेकेदाराने तो बुजविला नव्हता. बैलगाड्या आणि हातगाड्या आत येईनाशा झाल्या होत्या, आणि घाऊक माल घेणारे खेड्यांतील दुकानदार शेजारच्या तालुक्याच्या गावी जाऊ लागले होते. पेठेतील लोकांनी त्याबद्दल दोनदा अर्ज दिले होते. ते बारनिशीत नोंदले जाऊन यथाक्रम कोठेतरी पडले होते. जकातीची तूट दिसताच मात्र आठ दिवसांत चर बुजला, खडी पडली आणि रोलरही फिरला. त्या सभासदांच्या अंतःकरणात व्यापाऱ्यांविषयी काही करुणा उत्पन्न झाली होती असे मी म्हणणार नाही. दुकानदाराचा गल्ला आणि नगरपालिकेची तिजोरी एकाच दोरीने बांधलेली होती, आणि ती दोरी ताणली गेली की कचेरीला हिसका बसत असे, इतकेच.

१९९९ साली राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली. महानगरपालिकांत ती पुढेही राहिली. मुंबईत तर वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे २०१७पर्यंत ती चालू होती. आमच्याकडे ज्या दिवशी नाके उठले त्या दिवशी पेठेत पेढे वाटले गेले, आणि ते रास्तच होते. नाक्यावरचे कारकून इतर विभागांत सामावून घेतले गेले. बुडालेल्या उत्पन्नाच्या मोबदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागले, त्यातून पगार भागू लागले, आणि कोणाच्याही ध्यानात न येता ती दोरी सुटली. अनुदान मुंबईहून येई. पेठ भरली काय आणि ओस पडली काय, त्याच्या आकड्यात फरक पडत नसे. पुढच्या काळात बाजार समितीचे यार्ड गावाबाहेर गेल्यावर अडत्यांची वर्दळ ओसरली, बाह्यवळण रस्ता झाल्यावर हॉटेले आणि सायकलींची दुकाने रोडावली, परंतु या स्थित्यंतरांची नोंद घेणारे एकही कोष्टक आता सभेपुढे येत नव्हते. नगरपालिकेला पेठेची आठवण आता वर्षातून एकदाच, मार्च महिन्यात होऊ लागली, आणि ती वसुली पथकाच्या रूपाने.

मी बाजार विभागात आलो तो नाके उठले त्याच सुमारास. मंडई ही गोष्ट बांधावयास सोपी आणि भरविण्यास कठीण, हे ज्ञान मला तेथे पहिल्याच आठवड्यात झाले. पत्र्याची प्रशस्त शेड, सिमेंटचे ओटे, दोन नळ, दिवे, असे सर्व काही आत सिद्ध असताना भाजीवाल्या बाया दाराबाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना पथाऱ्या मांडून बसत, रहदारी अडे, पोलिसांची पत्रे येत, आमचे पथक जाऊन गोणपाटे उचलून आणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सारे पूर्ववत. कचेरीत या गोष्टीचा एकच अर्थ लावला जात असे, तो म्हणजे या लोकांना शिस्त नाही.

या प्रसंगी महात्मा फुल्यांचे स्मरण होते. ते पुणे नगरपालिकेचे सभासद असताना तेथे भव्य मंडई उभारण्याचा घाट घातला जात होता. त्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यास त्यांनी विरोध केला, तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. इमारत झालीच, १८८६मध्ये ती ‘रे मार्केट’ या नावाने उघडली, आणि काळाची गंमत अशी की आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. ती मंडई भरली आणि गाजली हे खरे. पण फुले स्वतः मळ्यातला माल बाजारात नेणाऱ्या समाजातले, आणि मंडईच्या मनोऱ्यापेक्षा ओट्यावर बसणारीच्या घरी काय चालते याची त्यांना चिंता होती, हे मला बाजार निरीक्षकाची टोपी घातल्यावर विशेष कळू लागले.

आमच्या मंडईबाहेर मेथी, शेपू आणि कोथिंबीर घेऊन बसणारी एक म्हातारी होती. तिला सारा बाजार आक्का म्हणे. एके दिवशी सकाळी मी एकटाच, पथकाशिवाय, तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती जुड्या पाण्याच्या घमेल्यात बुडवून झटकीत होती आणि देठ एका रेषेत येतील अशा बेताने ओल्या गोणपाटावर लावीत होती. पिवळी पडलेली पाने खुडून मागे टाकीत होती, तेथे एक शेळी त्यासाठीच उभी होती. मी म्हटले, “आक्का, आत ओटा आहे, वर पत्रा आहे, नळ आहे. बाहेर उन्हात का बसता?” तिने वर न पाहताच उत्तर दिले, “साहेब, आत बसून काय माशा मारू? गिऱ्हाईक हितनं जातंय. मंडईत शिरायला दार हाय, पल्याड जायाला न्हाई. मानूस यष्टीला निघालेलं. भाजीसाठी उलटं मागं कशाला फिरंल?”

कचेरीत येऊन मी मंडईचा नकाशा काढला. म्हातारीचे म्हणणे शब्दशः खरे होते. मंडईला पेठेच्या अंगाला एकच मोठे दार होते आणि मागे सलग भिंत. त्या भिंतीपलीकडे अवघ्या काही पावलांवर एस. टी. स्थानकाकडे जाणारा बोळ. खेड्यांतून येणारा माणूस स्थानकावर उतरे, वळसा घालून पेठेत येई, कामे उरकी आणि परतताना हाताला भाजी घेई. मंडई त्याच्या वाटेवर नव्हतीच, ती वाटेच्या टोकाला असलेली एक बंद खोली होती. जो विक्रेता आत बसे त्याचे गिऱ्हाईक बाहेर बसणारा घेई, म्हणून आतला बाहेर येई, आणि सर्व बाहेर आल्यावर आत बसण्यात अर्थ उरत नसे. यात शिस्तीचा काही प्रश्न नव्हता.

मागच्या भिंतीला दार पाडावे असा प्रस्ताव मी ठेवला. दार पाडण्याचा खर्च इतका अल्प होता की त्यासाठी सभेच्या मंजुरीचीही गरज पडू नये; परंतु भिंतीबाहेरची एक अरुंद पट्टी दुसऱ्या खात्याच्या मालकीची निघाली, आणि मग ‘आपले पत्र पाहिले’, ‘नकाशाची प्रत जोडावी’, ‘मोजणीचा उतारा आढळत नाही’ अशी ती ओळखीची वाटचाल सुरू झाली. कागद दोन पावसाळे फिरला. अखेर एक तरुण मुख्याधिकारी बदलून आले, ते बाजाराच्या दिवशी सकाळी सातला स्वतः मंडईत येऊन उभे राहिले, स्थानकाकडून पेठेकडे माणसे कशी वळसा घालतात ते त्यांनी अर्धा तास पाहिले, आणि त्या खात्याच्या अधिकाऱ्याला तेथेच बोलावून घेऊन प्रश्न मिटविला. दार झाल्यावर रहदारी मंडईतून वाहू लागली आणि ज्या ओट्यांवर कुत्री निजत त्यांच्यासाठी भांडणे होऊ लागली. नव्या दाराजवळचे ओटे कोणाला, हा त्यातला मुख्य तंटा. तो आम्ही दरवर्षी सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून मिटवू लागलो, आणि चिठ्ठी उचलण्यास प्रत्येक वेळी त्या दिवशी मंडईत आलेले एखादे शाळकरी पोर धरून आणीत असू. आमच्यापैकी कोणी ती उचलली असती तर तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

आठवडे बाजाराची गोष्ट याहून निराळी आणि अधिक कडू आहे. बाजारातील बैठकीची फी वसूल करण्याचा मक्ता दरसाल लिलावाने दिला जाई. जो सर्वांत मोठी बोली करील त्याला वर्षभर वसुलीचा अधिकार. फीचे दर ठरावाने निश्चित केलेले असत, ते कचेरीच्या फलकावर डकविलेलेही असत. पण बाजारात बसणारी बाई कचेरीचा फलक वाचावयास कधी येणार? मक्तेदाराचा माणूस पाठीवर पिशवी टाकून रांगेतून फिरे आणि जेथे पाच घ्यावयाचे तेथे दहा घेई, पावती देई अगर न देई, आणि तोंडातोंडी झाली तर टोपलीतली चार वांगी उचलून पुढे जाई. तक्रारी येत; मक्तेदारास नोटीस निघे; तो खुलासा देई; खुलासा दप्तरी दाखल होई.

या अरेरावीचे मूळ मक्तेदाराच्या स्वभावात जेवढे होते त्याहून अधिक आमच्या लिलावात होते, हे मला हिशेब मांडल्यावर उमगले. ठरलेल्या दराने, बाजारात प्रत्यक्ष बसणाऱ्यांची संख्या धरून, वर्षात जास्तीत जास्त जेवढी रक्कम जमू शकेल त्याच्या कितीतरी पुढे बोली गेलेली होती. सर्वाधिक बोली मंजूर झाली म्हणून सभेत बाके वाजविली गेली होती. वस्तुतः त्या क्षणीच आम्ही वरकड वसुलीला मूक संमती दिली होती आणि तिचा आगाऊ हिस्साही घेतला होता. पुढच्या वर्षी आम्ही पावतीपुस्तके स्वतः छापली, पावतीवर दर ठळक अंकांत घातला, आणि बाजाराच्या चारही तोंडांना पत्र्याचे फलक लावून त्यांवर दर रंगविले. ज्यांना अक्षरे येत नव्हती त्यांनाही अंक कळत होते. त्या वर्षी लिलावात बोली निम्म्याने घसरली. सभेत मोठा गदारोळ झाला. नगरपालिकेचे नुकसान करणारा अधिकारी कोण, असा सवाल विचारला गेला, आणि फलक उतरवावेत असे कोणी उघड म्हणाले नाही तरी पुढच्या पावसात गंजलेले दोन फलक पुन्हा काही लागले नाहीत. ज्या उत्पन्नात घट झाली ते उत्पन्न मुळात कोणाच्या टोपलीतून येत होते, हा प्रश्न त्या सभेत एका सभासदाने विचारला. त्या बाईंची आई बाजारात मिरच्या विकीत असे.

आता गाळ्यांविषयी. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, नगरपरिषदेचे दुमजली किंवा तिमजली व्यापारी संकुल तुम्हाला दिसेल. खालचा मजला गजबजलेला, वरच्या मजल्यावर लोखंडी शटरे गंजलेली, जिन्यात पानाच्या पिंका आणि कोठे एखादी शिकवणी किंवा वकिलाची पाटी. यांतील पुष्कळशी संकुले लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची जी केंद्रीय योजना १९७९-८०पासून सुरू झाली तिच्या काळातली आहेत. त्या योजनेतला विचार वाईट नव्हता. मोठ्या शहरांकडे जाणारा लोंढा लहान शहरांत थोपवावा, त्यासाठी तेथे बाजार, रस्ते, वाहनतळ उभे करावेत, आणि गाळ्यांच्या उत्पन्नातून कर्जाची फेड व्हावी, असे ते गणित होते. परंतु गणितात फेड शिरली की गाळा कोणासाठी हा प्रश्न मागे पडतो. आमच्या संकुलाच्या जागी पूर्वी खोकी होती: एक घड्याळजी, दोन शिंपी, छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करणारा, कल्हईवाला, चपला शिवणारे, आणि वह्यांची बांधणी करणारे एक गृहस्थ. ही खोकी उठवून इमारत झाली, आणि गाळ्यांचा लिलाव अनामत रकमेवर झाला. ज्याने अधिक अनामत भरली त्याला गाळा. भाडे त्या मानाने किरकोळ. त्या लिलावात कल्हईवाल्याने तोंड उघडण्याचे कारणच नव्हते. गाळे घेतले ते ज्यांच्याजवळ आधीच पैसा होता त्यांनी, आणि त्यांतील अनेकांनी ते चढ्या भाड्याने दुसऱ्यांना दिले. म्हणजे नगरपालिका नाममात्र भाडे घेई आणि तिच्याच भिंतींवर मधला माणूस खरे भाडे कमावी. काही गाळे राखीव होते. त्यांतला एक निराधार विधवेच्या नावे होता. करारावर तिचा अंगठा होता, आत मात्र मोबाइलचे दुकान दुसऱ्याच कोणाचे, आणि महिन्याकाठी तिच्या हातावर काही नोटा ठेवल्या जात. त्याविरुद्ध कारवाई करा असा शेरा एकदा फायलीवर आला. कारवाई करणे म्हणजे तिचा करार रद्द करणे, आणि करार रद्द झाला तर त्या नोटाही थांबणार होत्या; मी त्या फायलीवर पुढची मखलाशी शक्य तितकी लांबविली, हे येथे नमूद करावयास मला संकोच वाटत नाही.

कायद्याचाही एक पेच आहे. १९६५च्या अधिनियमाच्या ९२व्या कलमाने नगरपरिषदेला आपल्या अधिकारात स्थावर मालमत्ता तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर देता येत नाही. त्यापुढे वरिष्ठांची मंजुरी लागते. सार्वजनिक मालमत्ता कोणी लाटू नये हा त्यामागील हेतू निर्विवाद आहे. पण ज्या शिंप्याने कर्ज काढून यंत्रे घेतली, फळ्या मारल्या, त्याला तीन वर्षांनी आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसेल, तर तो धंदा वाढविणार कसा? व्यवहारात असे होते की मुदत संपते, नूतनीकरणाचा प्रस्ताव पडून राहतो, भाडेकरू जुन्या भाड्यावर वर्षानुवर्षे बसतो, मग एखाद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि एकदम बाजारभावाने, तेही मागील तारखेपासून, भाड्याची मागणी त्याच्या दारी येते. वीस वर्षे कोणी काही विचारले नाही आणि एकविसाव्या वर्षी शटरला सील लागले, असे प्रसंग मी स्वतः हाताळले आहेत; सील लावताना पंचनाम्यावर सही करावयास शेजारचा दुकानदार तयार होत नसे, कारण उद्या त्याचीही पाळी होती. दर तीन वर्षांनी ठरलेल्या टक्क्याने वाढणारे भाडे आणि वेळेवर होणारे नूतनीकरण, एवढे जरी निष्ठेने केले तरी दुकानदारांची निम्मी भीती आणि नगरपालिकेची निम्मी थकबाकी उरणार नाही, असे माझे मत आहे.

मला विचाराल तर त्या जागी तीन मजले चढविण्याऐवजी तळमजल्यावरच, एका माणसाला बसून काम करता येईल एवढे सहा-आठ फुटांचे ठेले बांधावयास हवे होते. कल्हई जिना चढून कोणी करून घेत नाही. आमच्याच भागात शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी वसविली, पुढे जयसिंगपूर वसविले. तेथे आधी व्यापारी कसा येईल, गाडी कोठे उभी राहील, रस्ता किती रुंद हवा याचा विचार झाला आणि इमारती नंतर आल्या. आम्ही इमारत आधी उभी केली आणि व्यापारी वर चढत नाही म्हणून रुसून बसलो.

माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात पथविक्रेत्यांचा २०१४चा अधिनियम आला, आणि प्रथमच हातगाडीवाल्याला कचेरीत खुर्ची मिळाली. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिल्याखेरीज कोणालाही उठवू नये, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. सर्वेक्षणाला आम्ही रस्त्यावर उतरलो तेव्हा पहिला अनुभव असा की आम्हाला पाहताच माणसे गाड्या घेऊन पळू लागली. नगरपालिकेचा माणूस नाव लिहून घेण्यासाठीही येऊ शकतो, यावर त्यांचा विश्वास बसावयास बरेच दिवस लागले. मी निवृत्त झाल्यावर, २०२०च्या टाळेबंदीनंतर, पंतप्रधान स्वनिधी योजनेतून विक्रेत्यांना प्रथम दहा हजार, ते वेळेवर फेडल्यास वीस हजार आणि पुढे पन्नास हजार रुपयांचे विनातारण कर्ज मिळू लागले, व्याजात सात टक्के सवलतही होती. आणि ज्यांची नावे त्या सर्वेक्षणात चढलेली होती त्यांचे कागद भराभर पुढे सरकले. ज्यांनी त्या दिवशी गाडी पळविली त्यांना शिफारसपत्रासाठी हेलपाटे घालावे लागले. कर्ज मिळाले तरी गाडी लावावयाची कोठे, हा प्रश्न मात्र अनेक गावांत तसाच आहे, कारण फेरीवाला क्षेत्रे निश्चित करण्याचे काम कागदावरून रस्त्यावर उतरलेले नाही. ज्या फुटपाथवर बसण्यास मनाई आहे त्याच फुटपाथवरच्या धंद्यासाठी सरकारने भांडवल दिले आहे, असे विलक्षण दृश्य त्यामुळे पाहावयास मिळते.

जकात परत आणावी असे मी म्हणत नाही. परंतु पेठेचे बरेवाईट ज्यामुळे नगरपालिकेला स्वतःला जाणवेल असे काहीतरी हवे, आणि ते मिळेपर्यंत नागरिकांनी एक गोष्ट करावी अशी माझी विनंती आहे. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी सभेपुढे येतो आणि तो पाहण्याचा अधिकार कोणालाही आहे. त्यात जमेच्या बाजूला बाजार फी, मंडईचे भाडे आणि गाळ्यांचे भाडे अशी सदरे असतात. खर्चाच्या बाजूला बाजार व मंडई दुरुस्ती असे एक सदर असते. व्यापारी संघाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि ज्यांना गावच्या पेठेची काळजी आहे अशा सर्वांनी ती प्रत मागून घ्यावी, या दोन बाजूंचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत, आणि आपल्या प्रभागाच्या सभासदाला पुढच्या सभेपूर्वी त्यांचा जाब विचारावा. आमच्या नगरपरिषदेत मी होतो तोवर, बाजारातून आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले दहाही बाजारावर परत खर्च होत नव्हते.